पेशींना विचारू

फोन दोनदा वाजून थांबला तरी मी उठले नाही. माझ्या हातात पेशींचा फ्लास्क होता, आणि फ्लास्क हातात असताना फोन घ्यायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. केला होता तो आमच्या जुन्या प्रमुख बाईंनीच. फोन पुन्हा येतो, पेशी पुन्हा येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी जुनं द्रावण काढलं, ताजं घातलं, झाकण घट्ट केलं, फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये आडवा ठेवला, हात धुतले आणि मग तिसऱ्यांदा वाजणारा फोन उचलला. पलीकडे बाईंची भाची होती. बाई पहाटे झोपेतच गेल्या... चहाला उठल्या नाहीत म्हणून बघायला गेले तर... एवढंच ती बोलली. मी स्टुलावर बसले. आणि मनात पहिला विचार काय यावा? बाई, मी फ्लास्क आधी ठेवला हो, मगच फोन घेतला. माणसाचं मन म्हणजे पण अजबच असतं.

याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात तू लिही, तू पंधरा वर्षं त्यांच्यासोबत होतीस. लिहायला हरकत नाही, पण मला गोडगोड लिहिता येत नाही आणि बाईंना ते आवडलंही नसतं. शिवाय त्यांना एक गोष्ट सांगायची माझी राहून गेली होती, ती इथे सांगावी लागणार. तेव्हा जमेल तसं लिहिते.

डॉ. कमल साळवे या नगर शहराच्या कडेला असलेल्या, जनावरांच्या रोगांचं निदान करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. मी तिथली तंत्रज्ञ. बाई मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. आईवडील दर दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे, बाई मावशीकडे राहून शाळा शिकल्या आणि शिकत शिकत पशुवैद्यक झाल्या. त्याबद्दल त्या कधी भाषण ठोकत नसत. कोणी फारच कौतुक केलं तर म्हणायच्या, "आमच्याकडे पाऊसच नव्हता, अभ्यासाशिवाय करायचं काय?" माझं माहेर राहात्याचं, पेरूच्या बागांतलं. त्यामुळे हंगामात मी बाईंसाठी पिशवीभर पेरू आणायची, आणि बाई ते मीठ-तिखट लावून व्हरांड्यात खायच्या. प्रयोगशाळेच्या आत एक दाणाही न्यायची सोय नव्हती. एकदा मी टेबलावर शेंगदाणे ठेवले, तर बाईंनी ते उचलले आणि त्यांच्या जागी शेणाच्या नमुन्याची बाटली ठेवली. पुन्हा नाही ठेवले मी शेंगदाणे.

मी तोंडाळ आहे, हे साऱ्या नगरला माहीत आहे. बाई उलट. रागावल्या की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा, आणि त्या खालच्या आवाजाला मी जेवढी घाबरायची तेवढी सासूलाही कधी घाबरले नाही. बाईंचे नियम पुष्कळ होते. नोंदवहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी सही करायची आणि त्या दिवसाची तारीख घालायची. पुस्तकात काय लिहिलंय ते जरूर वाचायचं, पण आपल्या जनावरांनी ते पुस्तक वाचलेलं नसतं, हे विसरायचं नाही. आणि शेवटचा शब्द पेशींचा. कशाचाही निर्णय होत नसला की बाई म्हणायच्या, "पेशींना विचारू."

या पेशी म्हणजे कधीकाळी कोणीतरी एका माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या, आणि तेव्हापासून काचेच्या भांड्यात वाढत, वाटून घेत घेत देशोदेशी पोचलेल्या. विरजण जसं शेजारणीकडून वाटीभर आणायचं आणि आपल्या घरी वाढवायचं, तसंच ते. बाईंची शेजारीण म्हणजे पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतली त्यांची मैत्रीण. आमच्याकडे भारनियमनात तासन्‌तास वीज जायची. इन्क्युबेटर थंड पडू नये म्हणून आम्ही त्याला गोधडी गुंडाळायचो, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायचो, तरी कधी कधी पेशी मरायच्या. मग बाई म्हणायच्या, "मंगल, विरजण संपलं. पुण्याला जाऊन येते."

त्यांची आणायची तऱ्हा मात्र न्यारी होती. पेशींना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. ती थंडीच्या दिवसांत एसटीत कुठून मिळणार? तर बाईंनी जुन्या गोधडीच्या तुकड्याचा एक कसा, म्हणजे कमरेला बांधायची पिशवी, शिवला होता, नाड्या लावलेला. फ्लास्क द्रावणाने काठोकाठ भरायचा, त्या कशात घालायचा आणि पोटाशी बांधून वरून पदर घ्यायचा. शिवाजीनगरहून नगरपर्यंत तीन तास त्या फ्लास्कवर एक हात ठेवून बसायच्या. एकदा गाडीला गर्दी होती आणि बाई दांडी धरून उभ्या होत्या. एक म्हातारी उठली, बाईंना आपल्या जागेवर बसवलं आणि मायेनं म्हणाली, या वयात दिवस गेलेत, जपा हो. बाई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या, आणि लग्न केलेलं नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय बोललात? म्हणे, "काय बोलणार? जपतेय, म्हटलं. खोटं होतं का ते?" हे सांगताना इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. नगर-पाथर्डी रस्त्यावरचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण तसं मला हौसाबाईंनी बजावलंय. या हौसाबाई म्हणजे अंगानं दणदणीत, बोलायला त्याहून दणदणीत. नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला, आणि घर चालायचं ते हौसाबाईंच्या एका संकरित गाईवर. तांबडी म्हणून तिचं नाव तांबू. गावात एक रीत होती, तशी ती आपल्या अर्ध्या जिल्ह्यात होती. सकाळी धार काढताना आळीतली पोरं पेला घेऊन गोठ्यात उभी राहायची, आणि सडातून निघालेलं कोमट, फेसाळ धारोष्ण दूध तिथल्या तिथे प्यायची. न तापवता. तापवलं की त्याचा कस जातो, असं सगळे मानायचे. हौसाबाईंच्या हाताला पोरांची रांग लागायची, आणि हौसाबाईंना त्याचा मोठा अभिमान. शेजारच्या घरातली पाच वर्षांची सोनी त्या रांगेत रोज पहिली.

ती सोनी आजारी पडली. आधी पोटात मुरडा, मग जुलाबात रक्त, आणि आठवड्यानं जुलाब थांबले तर लघवीच बंद झाली. तोंड सुजलं. नगरच्या डॉक्टरांनी तिला पुण्याला पाठवलं, तिथे यंत्रावर रक्त धुवायची वेळ आली. नगरचे ते डॉक्टर वाचणारे होते. त्यांनी बाईंना फोन केला, की पोरगी कच्चं दूध पीत होती, आणि गाईच्या पोटात राहणारे काही जिवाणू असं विष तयार करतात जे माणसाचं मूत्रपिंड धरतं, असं मी वाचलंय, तुम्ही ती गाय तपासाल का? शिगा म्हणतात त्या विषाला. बाईंनाही ते वाचून माहीत होतं. गंमत अशी की गाईला त्याचं काहीच होत नाही. बाई समजावून सांगायच्या, की त्या विषाला अडकायला माणसाच्या मूत्रपिंडात खुंटी असते, गाईच्या रक्तवाहिन्यांत ती खुंटीच नसते. गाय धडधाकट, चरतेय, दूध देतेय, आणि पोटात हे पाहुणे.

पण गावाला कुठलं हे ठाऊक? गावानं आपला निकाल आधीच लावला होता. गाय अवलक्षणी आहे, तिला बाजार दाखवा. सोनीच्या चुलत्यानं तर तांबूचं दावं सोडायला हात घातला होता. हौसाबाई कोयता घेऊन आडव्या उभ्या राहिल्या, म्हणून गाय राहिली. सरपंचांनी मध्यस्थी केली, की प्रयोगशाळा काय सांगते ते बघू, तोवर कोणी हात लावायचा नाही. आम्ही गेलो, तांबूच्या शेणाचा आणि दुधाचा नमुना घेतला. हौसाबाई बाईंच्या हाताला धरून म्हणाल्या, "बाई, माजी गाय निर्दोष हाय. तेवढं ल्हिऊन द्या, मंग कुनाची ताकद न्हाई." बाई म्हणाल्या, "जे असेल ते लिहून देईन, हौसाबाई."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या पेशी मेलेल्या. बाई विरजण आणायला पुण्याला निघाल्या. जाताना मला सांगून गेल्या, की नमुना प्लेटवर लाव, आणि जे जे वाढेल, सगळ्या रंगाचं, ते राखून ठेव. मी आले की पेशींना विचारू.

यातलं रंगाचं काय ते सांगते. आम्ही जिवाणू ज्या प्लेटवर वाढवतो तिच्यात एक साखर आणि एक रंग घातलेला असतो. साधे जिवाणू ती साखर खातात आणि त्यांचे ठिपके गुलाबी होतात. परदेशातल्या ज्या लेखाची झेरॉक्स आमच्याकडे आली होती त्यात लिहिलं होतं, की विषारी जात ही साखर खात नाही, तिचे ठिपके बिनरंगी राहतात. मी तो लेख तीनदा वाचला होता. मला फार घमेंड होती, की बाई नसतानाही मला हे कळतं. दुसऱ्या दिवशी प्लेटा काढल्या तर सगळ्या गुलाबी. एकही बिनरंगी ठिपका नाही. मी भिंग घेऊन शोधलं. नाही म्हणजे नाही.

त्याच वेळी सरपंचांचा फोन आला. गावात पुन्हा गडबड सुरू झाली होती, सोनीची तब्येत जास्त बिघडली अशी आवई उठली होती. मागे हौसाबाईंचं रडणं ऐकू येत होतं. एवढी कोयता घेऊन उभी राहिलेली बाईमाणूस, आणि लहान पोरासारखी रडत होती. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की काही नाही तुमच्या गाईत, निर्धास्त राहा. नोंदवहीत लिहिलं, "काही आढळले नाही." आणि मला स्वच्छतेचा सोस भारी, तर प्लेटा उचलल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या वाफेच्या दाबाच्या भांड्यात, उकडून टाकल्या. घरी गेले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं, की मी त्या रात्री पुरणपोळ्या केल्या. काही सण नसताना.

बाई आल्या त्या पोटाशी फ्लास्क बांधूनच. मी उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आधी पोटावरचा कसा सोडला, फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवला, भांडंभर पाणी प्यायल्या, आणि विचारलं, "प्लेटा?"

मी म्हटलं, उकडल्या.

"गुलाबी होत्या, म्हणून?"

मी मान हलवली. बाई त्यांच्या त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मंगल, तो लेख तिकडच्या गाईंचा. आपल्या गाईत गुलाबी ठिपक्यातही विष असेल. नसेलही. आपण विचारलंच नाही ना अजून... उद्या सकाळी गावाला जायचं."

जीपमधून जाताना मी एक अक्षर बोलले नाही, यावरूनच काय ते समजा. गावात शिरलो तर हौसाबाईंनी पेढे वाटलेले. तांबूच्या गळ्यात झेंडूची माळ. आणि गोठ्यात पोरांची रांग पुन्हा सुरू झालेली. सोनीचा तीन वर्षांचा भाऊ पेला रिकामा करून उभा होता, ओठावर दुधाची पांढरी मिशी. ते पोर माझ्याकडे बघून हसलं. मी जीपमधून खाली उतरलेच नाही. नमुन्यांच्या बाटल्या लावायच्या आहेत असं सांगून मागे बसून राहिले. बाटल्या काय, त्या आदल्या रात्रीच लावून झाल्या होत्या.

बाई एकट्या उतरल्या. हौसाबाईंनी पेढा पुढे केला. बाईंनी तो घेतला, पण खाल्ला नाही, हातात धरून ठेवला. आणि जमलेल्या माणसांना म्हणाल्या, "परवा तुम्हाला जो निकाल सांगितला तो चुकीचा होता. तपासणी अर्धीच झाली होती. चूक माझी आहे. पुन्हा शेण घ्यायला आले आहे."

जीपमध्ये मला ते सगळं ऐकू येत होतं. चूक माझी, असं म्हणायला मला किती पावलं टाकायची होती? दहा. मला नाही टाकता आली. चुलता तावातावानं पुढे आला, म्हणजे गाईतच आहे ना, मग काढा बाहेर. हौसाबाईंचा चेहरा उतरला होता. त्या बाईंकडे बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या बघत होत्या. बाई म्हणाल्या, "एकाच गाईला विचारलं तर तो न्याय नाही. आळीतल्या सगळ्या जनावरांचं शेण द्या. सरपंच, तुमच्या गोठ्यापासून सुरुवात करू." सरपंच जरा बिचकले, पण एवढ्या माणसांत नाही म्हणणार कसे. दुपारपर्यंत बाई गोठ्या-गोठ्यातून हिंडल्या. गाई, म्हशी, एक बैलसुद्धा. आणि निघताना निक्षून सांगितलं, की निकाल येईपर्यंत कोणीही न तापवलेलं दूध पोरांना द्यायचं नाही.

पुढचे आठ दिवस मी घरी फक्त झोपायला जात होते. या वेळी सगळे ठिपके उचलले, गुलाबी, फिके, जसे असतील तसे. प्रत्येक वेगळा वाढवला, गाळून जिवाणू मागे ठेवले आणि गाळलेलं पाणी तेवढं पेशींवर घातलं. नवीन विरजण छान लागलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशी एकीला एक लागून बसलेल्या असतात, शहाबादी फरशी बसवावी तशा. तीन दिवस बाई आणि मी सकाळ-संध्याकाळ बघत होतो. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला खुणेनं बोलावलं आणि डोळा लावायला सांगितला. तांबूच्या एका गुलाबी ठिपक्याच्या पाण्यानं फरशी उखडली होती. पेशी गोल होऊन, साबुदाण्यासारख्या सुट्या होऊन तरंगत होत्या. मूत्रपिंडाच्याच पेशी त्या. सोनीच्या पोटात काय झालं असेल ते मी तिथे डोळ्यांनी बघत होते. मला रडू फुटलं. बाईंनी मला रडू दिलं, आणि मग म्हणाल्या, "पुढची बाटली बघ." पुढच्या बाटलीतही तेच. ती होती सरपंचांच्या गाईची. मग चुलत्याच्या म्हशीची. सगळ्यांत नव्हतं, पण आळीत एकही बाजू अशी नव्हती की जिथे एखाद्या तरी गोठ्यात ते नाही.

त्या दिवशी बाईंनी नोंदवही उघडली आणि माझ्या अक्षरातल्या "काही आढळले नाही" वर एक रेघ मारली. मी समोरच होते, पण मान वर केली नाही. त्या सही करतायत एवढं दिसलं. त्यानंतर ते पान मी कधीही उघडलं नाही.

निकाल सांगायची सभा दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर झाली. या वेळी मी खाली उतरले. बाईंनी कोणाच्या गोठ्यात काय सापडलं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, सरपंचांचं नाव सुद्धा वगळलं नाही. चुलत्यानं आपल्या म्हशीचं ऐकलं आणि तो मागच्या मागे जाऊन भिंतीला टेकला. गाय काढायची तर आळीच रिकामी करावी लागेल, आणि मग पोरं काय पिणार, असं बाईंनी विचारलं. गाईचा दोष नाही, जुनी सवय तेवढी बदलायची. धार काढायच्या आधी सड आणि हात धुवायचे, आणि दूध उतू येईपर्यंत तापवल्याशिवाय कोणाच्या पेल्यात घालायचं नाही. गावातले एक जुने पैलवान होते, सत्तरीचे. ते उठून म्हणाले, माझं सगळं आयुष्य धारोष्णावर गेलं, मला काय झालं? बाईंनी त्यांच्या दंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून तर तो जिवाणूच घाबरला असेल, पैलवान. पाच वर्षांच्या पोरीला कोण घाबरतं?" सगळे हसले, पैलवानही हसले, आणि तिथेच ते प्रकरण मिटलं.

राहिला प्रश्न आचेचा. बायकांना सवय, दूध जरा हललं की पातेलं खाली. बाई म्हणाल्या, वर आलं की आच कमी करा आणि शंभर आकडे मोजा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शंभर कुनाला येत्यात, असं मागून कोणी म्हणालं. बाई पाथर्डीच्या, त्यांना लगेच उमगलं. म्हणाल्या, ओव्या येतात ना? मग दोन ओव्या म्हणा, सावकाश. आणि हौसाबाई, ज्या तोवर खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे जुळवली:

उतू आलं दूध, करू नको गं तू घाई,
दम धर म्हनती, माजी ल्याबवाली बाई.

सोनी महिन्या-दीड महिन्यानं पुण्याहून घरी आली, बरी होऊन. तांबू त्याच दाव्याला राहिली, पुढे तिची तीन वेतं झाली. आणि हौसाबाई दर पोळ्याला बाईंसाठी दूध पाठवायच्या, तापवलेलं, वर साय धरलेलं. साय मोडलेली असली तर बाई म्हणायच्या, एसटीला धक्के बसलेत.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी म्हटलं, तो गोधडीचा कसा घेऊन जा, आठवण म्हणून. म्हणाल्या, आठवणीला काय करायचंय, तुला लागेल तो. शेवटचं भेटले तेव्हा त्या अंगणात कढीपत्त्याच्या रोपाला पाणी घालत होत्या. मला त्या दिवशी ती राहिलेली गोष्ट बोलायची होती. त्या दिवशी तुम्ही माझी चूक आपल्या अंगावर घेतलीत, मी खाली उतरले नाही... एवढंच. वाक्य तयार होतं. पण बाईंनी पेशी कशा आहेत असं विचारलं आणि मी पेशींबद्दलच बोलत बसले, आणि निघाले. वाटलं, पुढच्या वेळी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी सगळे जमले होते. फोटोपुढे मेणबत्त्या, भंतेजींचं वंदना-प्रवचन चाललेलं. मी मागे स्वयंपाकघरात खिरीचं बघत होते. तेवढ्यात मागच्या दारानं हौसाबाई आल्या, दुधाची किटली एका बाजूनं त्यांनी धरलेली, दुसऱ्या बाजूनं सोनीनं. सोनी आता सहावीत आहे, दोन वेण्या घालते. खिरीला माज्या घरचं दूध, म्हणून हौसाबाईंनी पातेलं चुलीवर ठेवलं, आणि आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. दूध चढायला वेळ लागतो. त्या वेळात मी सांगून टाकलं. की तो निकाल मी दिला होता. प्लेटा मी टाकल्या होत्या. बाईंची काही चूक नव्हती.

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांची नजर दुधावर. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "बाई गावात हुत्या, आन तुमी जीपमदी तोंड लपवून. आंधळी हाय व्हय मी? मी त्यान्ला तवाच इचारलं. तर म्हनल्या, चूक दोगींची हाय हौसाबाई, आत्ता माजं नाव लावते. तिचं ती लावंल, तिला येळ लागतो."

दूध वर आलं. हौसाबाईंनी आच कमी केली आणि ओवी धरली. दुसऱ्या ओळीपासून मीही म्हणू लागले. माझा आवाज काही धड नव्हता, पण दोन ओव्या पुऱ्या झाल्या आणि मगच पातेलं खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत जुन्या नोंदवह्यांचं कपाट उघडलं. ती वही काढली, ते पान काढलं. माझं तिरकं अक्षर, त्यावर बाईंची एक सरळ रेघ, खालचं सगळं वाचता येतंय. बाई सही नेहमी उजवीकडे करायच्या. या पानावर ती डावीकडे आहे, समासाला चिकटून. आणि उजवीकडे, जिथे त्यांची सही असायची, तिथे पेन्सिलनं एक बारीक रेघ आखलेली आहे, आपण दुसऱ्याच्या सहीसाठी आखतो तशी. तिच्यावर काहीच नाही. इतकी वर्षं ती तशीच मोकळी होती, आणि मी पान उघडत नव्हते.

गोधडीचा कसा शेजारीच खिळ्याला टांगलेला आहे, गेल्या थंडीत मीच त्याची एक नाडी बदलली. मी पेन काढलं आणि त्या रेघेवर सही केली. शेजारी तारीख घातली ती सही केली त्या दिवसाचीच. मागची तारीख घालायची नाही, हाही बाईंचाच नियम.